रेघाईचे तीन मंत्र

राक्षस फार तर चार फेऱ्या जगतो. हे नव्या माणसाला पटत नाही. तो आपल्या लाडक्या राक्षसाला वीस-वीस मंत्र देतो: आग लावायचा, अदृश्य व्हायचा, मेलेले उठवायचा. मग खेळाच्या दिवशी सगळे खेळाडू त्याच्यावर तुटून पडतात, आणि तो बिचारा दोन मंत्र म्हणून मरतो. उरलेले अठरा कागदावरच राहतात, आहेरात आलेल्या न वापरलेल्या भांड्यांसारखे. म्हणून माझा नियम ठरलेला आहे. मंत्र तीनच, आणि तिन्ही पहिल्या तीन फेऱ्यांत वापरता आले पाहिजेत.

हा टेबलाभोवती बसून खेळायचा कल्पनेचा खेळ आहे. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकतात. मी दिवसा म्हैसूरमधल्या हेब्बाळला एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधते आणि उरलेल्या वेळात राक्षस बनवते. त्यातही मंत्र म्हणणारे. तलवारवाला राक्षस कुणीही बनवील. मंत्रवाल्याला स्वभाव लागतो. हा मंत्र तो का शिकला, कुणाला लांब ठेवायला शिकला, हे ठाऊक नसेल तर तो नुसता फटाक्यांचा खोका.

रेघाईचा स्वभाव मला पुरता ठाऊक होता, कारण रेघाई म्हणजे माझी सासू. आणि हे त्यांना कळू नये, एवढंच त्या रविवारी मी देवाकडे मागत होते.

सासूबाईंचं नाव गोदा. आमच्याकडे म्हैसूरच्या मराठी घरांत सासूला अत्ते म्हणतात. सासरे गेल्यावर अत्ते चामराजपुरमचं घर सोडून आमच्याकडे बोगादीला राहायला आल्या, आणि त्यांच्याबरोबर आली मडी. मडी म्हणजे सोवळं. पहाटे थंड पाण्याने आंघोळ, काठीने उंच वाळत घातलेली साडी तशीच दमट अंगावर, आणि देवाला नैवेद्य दाखवून होईपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात पेला घेऊन उभी राहायची आणि त्या हातभर उंचावरून कॉफी ओतायच्या. एक थेंब बाहेर पडत नसे, हे मात्र मानलं पाहिजे.

माझ्या माहेरी नंजनगूडला असलं काही नव्हतं. पण ते बोलायची सोय नव्हती, कारण लग्न ठरताना माझ्या आईने, ताराबाईंनी, भरल्या बैठकीत ठणकावून सांगितलं होतं की आमच्या घरी मडी फार कडक. स्थळ चांगलं होतं, हातचं जाऊ नये म्हणून आईच्या तोंडून निघून गेलं. मग मी काय करणार? अत्ते राहायला आल्या, त्यांना वळण आहे असं दिसलं, आणि मलाही आहे असं मी दाखवत राहिले. नाश्ता न करता कंपनीची बस पकडायची आणि कँटीनमध्ये कोरडी इडली गिळायची, हे माझं वळण.

डिसेंबरात एका सकाळी डबा घेताना माझा हात त्यांच्या पदराला लागला. चुकून. अत्तेंनी गॅस बंद केला, आत गेल्या, आणि थोड्या वेळाने बाथरूममधून पाण्याचा आवाज आला. एवढ्या थंडीत दुसऱ्यांदा डोक्यावरून गार पाणी. बाहेर आल्या त्या खोकतच. माझी बस गेली. रिक्षात बसल्या बसल्या रागाने मी फोनवर लिहायला घेतलं, आणि हेब्बाळ येईतो रेघाई तयार झाली.

पहिल्या खेपेला तिला अकरा मंत्र होते. राग आला की माणूस नियम विसरतो. नंतर शांतपणे कापले. उरले तीन. पहिला रेघेचा: ती चुलीभोवती पाण्याची रेघ ओढते, ओलांडणारा जागीच गोठतो. दुसरा नजरेचा: ज्याच्यावर तिची नजर पडते त्याची वाचा बसते. तिसरा धुराचा: चुलीतून धूर काढून ती सगळ्यांना बाहेर घालवते. आणि एक उणीव: नुसता हात लागला, तरी तिन्ही मंत्र संपतात. राक्षस म्हणून इतका चांगला जमला होता की मला माझीच थोडी लाज वाटली.

त्याच आठवड्यात अत्तेंनी जेवताना जाहीर केलं की संक्रांत झाली की त्या हुबळीला जातील, थोरल्या मुलाकडे, संकर्षणकडे. किती दिवस, असं माझ्या नवऱ्याने विचारलं. "पाहू," एवढंच म्हणाल्या. श्रीवत्स बँकेत आहे, शांत माणूस आहे, पण त्या रात्री त्याने दोन घास कमी खाल्ले. मला वाटलं, हे माझ्या त्या हातामुळे. त्यांची निळी बॅग कपाटावरून खाली उतरून पलंगाशेजारी उभी राहिली, आणि मी येताजाता तिच्याकडे चोरासारखी बघू लागले. खरं सांगायचं तर सकाळची कॉफी निवांत मिळेल हा विचारही मनात आला. पण त्या खोकत खोकत, रागावून, आमच्या घरातून निघून जाणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

अशात रविवार आला. रेघाई खेळून बघायची होती, कारण माझा मित्र शरत बेंगळुरूच्या एका खेळमेळाव्यात ती घेऊन जाणार होता. अत्ते मैत्रिणीकडे चामराजपुरमला पारायणाला गेल्या होत्या, संध्याकाळपर्यंत यायच्या नव्हत्या. मी मुद्दाम तोच दिवस धरला होता.

शरत जादूगार झाला. तो कानडी, पण भव्या आणि मी मराठीत बोललो तर त्याला सगळं समजतं. भव्या माझ्या ऑफिसातली, तिच्या घरचं शिवणकामाचं मोठं दुकान आहे. ती चोर झाली. श्रीवत्स नेहमीप्रमाणे योद्धा. त्याला योद्धा आवडतो असं नाही, योद्ध्याला वाचायला कमी असतं.

त्यांची पात्रं जुन्या पाकशाळेच्या दारापर्यंत पोचली आणि नेमकी आमच्या घराची बेल वाजली. दारात अत्ते, हातात अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांची पिशवी.

"पारायण सांगणाऱ्यांचा घसा बसला," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना प्रसाद देऊन घरी पाठवलं. खेळा, खेळा तुम्ही. मी सुम्ने इकडे बसते."

सुम्ने म्हणजे उगीच, काही न करता. पण अत्ते काही न करता कधी बसत नाहीत. सोफ्यावर कागद पसरून त्या शेंगा सोलू लागल्या, टेबलापासून चार हातांवर.

माझं डोकं भराभर चालू लागलं. रेघाई बदलून तिथे नाग ठेवावा. नागाला मंत्र कुठले द्यायचे? कुठलेही. मी म्हणाले, "तर दार उघडतं, आणि आत एक मोठा नाग असतो."

"नाग?" शरत म्हणाला. "तू मला रेघाई पाठवली आहेस ना? मी बेंगळुरूवाल्यांना सांगून बसलोय."

आणि भव्याने घात केला. ती गुणी मुलगी आहे, मोठ्यांना गप्पांत सामील करून घ्यावं असं तिला घरी शिकवलं आहे. माझ्यासमोरचा कागद उचलून ती अत्तेंना मोठ्याने वाचून दाखवू लागली. "ऐका आंटी, वर्षिणीनं कसला राक्षस केलाय. ओल्या साडीत चुलीपाशी उभी असते. कुणी जवळ आलेलं चालत नाही तिला. पाण्याची रेघ ओढते. हात लावला की सगळे मंत्र जातात तिचे. मस्त आहे ना, अल्वा?"

शेंगा सोलण्याचा आवाज थांबला. श्रीवत्स हातातल्या फाशावरचे आकडे पहिल्यांदाच बघत असल्यासारखा बघत होता. रेघाई कोण हे त्याला त्या क्षणी कळलं होतं, ते मला त्याच्या कानांवरून समजलं. ते लाल झाले होते. संपलं, मला वाटलं. आता संक्रांतीचीही वाट बघणार नाहीत.

"मग?" अत्तेंनी विचारलं. "मेली का ती?"

"अजून नाही, आंटी. आता लढायचंय."

"बोलते काय ती?"

उत्तर मला द्यावं लागलं. "ती बोलत नाही, अत्ते. नुसते मंत्र म्हणते."

"का? घरात चार माणसं शिरली तर काही तरी बोलेलच की बाई." त्यांनी हात झटकले, पदराला पुसले आणि उठून टेबलाशी आल्या. "तुला बाकीचं पुष्कळ बघायचं असेल. हिचं मी बघते. काय करायचं सांग."

भव्याने टाळी वाजवली आणि खुर्ची ओढून दिली. मी सांगितलं, कारण दुसरं काही सुचलं नाही. एका फेरीत एक मंत्र, मग हा वीस बाजूंचा फासा टाकायचा, मोठा आकडा पडला की मंत्र लागला. अत्तेंनी कागद लांब धरून पूर्ण वाचला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग फासा मुठीत घेऊन कवड्यांसारखा खुळखुळवला.

पहिल्यांदा शरतचा जादूगार पुढे आला. अत्तेंनी रेघ ओढली आणि फासा टाकला. अठरा. जादूगार उंबऱ्यातच गोठला. "मी सांगत होते, तिथेच उभा राहा," त्या त्याला कन्नडमधून म्हणाल्या, इतक्या रोजच्या आवाजात की मी आपोआप खुर्ची मागे घेतली.

भव्याचा चोर खिडकीतून आला. नजर पडली, चोराची वाचा बसली, आणि भव्याला नियमाप्रमाणे गप्प बसावं लागलं, जे तिला फारसं कधी जमत नाही. राहिला योद्धा. रेघ एकाच माणसाला अडवते, असं मीच लिहून ठेवलं होतं. ती जादूगारावर खर्च झाली होती. श्रीवत्सपुढे वाट मोकळी होती.

"मी लांबून भाला फेकतो," तो म्हणाला.

"भाला?" अत्ते म्हणाल्या. "इतका जवळ आलायस, आणि भाला?"

"जवळ गेलो तर धूर सोडशील तू."

"सोडत नाही."

शरत कळवळला. "आंटी, असं सांगायचं नसतं. राक्षस आहात तुम्ही."

"सोडत नाही म्हटलं ना. ये."

श्रीवत्सने आईकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी काय सांगणार? खेळात जे घडतं ते सांगायचं काम माझं, पण मी उरलेले फासे ओळीत लावत बसले. "हात लावतो," तो म्हणाला, "योद्धा तिच्या खांद्याला हात लावतो," आणि फासा टाकला. लागला.

इथे मी लिहून ठेवलेलं होतं की रेघाई किंकाळी फोडते आणि तिची राख होते. मी तोंड उघडलं, तर अत्तेंनी हाताने थांबवलं.

"ती ओरडत नाही," त्या म्हणाल्या. "खाली बसते. आयितु, म्हणते. झालं एकदाचं. आता साडी बदलते आणि जरा पडते."

मग शरतने हळूच विचारलं की एवढे मंत्र असताना ती लढत का नाही.

"तिला कुठे लढायचं होतं? रेघ तिनंच ओढली होती. स्वतःहून पुसली तर लोक काय म्हणतील? कुणी तरी येऊन हात लावला तर बरं, म्हणून उभी होती. पाय दुखेपर्यंत." एवढं बोलून त्या शेंगा उचलून स्वयंपाकघरात गेल्या.

मी त्यांच्या मागे गेले. उंबऱ्याशी सवयीने थांबले. मनात माफीची वाक्यं जुळवत होते आणि एकही धड होत नव्हतं.

"अत्ते, ती रेघाई..."

"मी आहे. समजलं मला. वाचता येतं." शेंगा पातेल्यात ओतल्या. "मंत्र बरोबर घातलेस. नजरेचा तर फारच. तुझे सासरे म्हणायचे, तू बघितलंस की माझं बोलायचं राहून जातं."

"मी रागात लिहिलं. तुम्ही परत आंघोळीला गेलात तेव्हा. मला फार वाईट वाटतंय, अत्ते. तुम्ही त्या हातामुळे हुबळीला चाललात ना?"

त्या वळल्या. "कुठल्या हातामुळे?"

"माझा पदराला लागला तो."

"अगं," त्या म्हणाल्या, आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "मी झोपायला चाललेय हुबळीला."

"झोपायला?"

"संकर्षणच्या बायकोला सगळं ठाऊक आहे. तिथं मी आठला उठते, स्वेटर घालून कॉफी पिते. मडी मी केव्हाच सोडली, वर्षिणी. श्रीवत्सचे बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा. रात्रंदिवस त्यांना उचलायचं, पुसायचं, कूस बदलायची. मडी सांभाळायची कधी? देवाला सांगितलं, आता तूच बघ. त्यानं काही तक्रार केली नाही."

"मग इथे?"

"इथे तू आहेस ना. तुझ्या आईनं बैठकीत सांगितलेलं डोक्यात पक्कं होतं. इतक्या कडक घरातली मुलगी. ती म्हणेल, नवरा गेला आणि हिनं ताळतंत्रच सोडलं. म्हणून आल्या दिवसापासून सुरू केलं परत. श्रीवत्सला वाटलं, बाबा गेल्यावर मन रमवायला करते. तू दारात उभी राहायचीस पेला घेऊन, एक पाऊल आत टाकायची नाहीस. मी म्हणायची, किती वळणाची आहे पोरगी. माझी लाज राहिली पाहिजे. त्या दिवशी तुझा हात लागला आणि तू अशी काही पांढरी पडलीस, की आंघोळीला गेले नाही तर तुला काय वाटेल, म्हणून गेले."

मग मला हसू यायला लागलं, आणि ते आवरेना. "अत्ते, आमच्याकडे आई फक्त श्राद्धाच्या दिवशी मडी करते. त्यातही मध्येच गॅसवाला आला तर दार उघडायला जाते."

"हौदा? खरंच?"

"देवाशपथ."

"आणि बैठकीत ते?"

"स्थळ चांगलं होतं."

अत्तेंनी कपाळाला हात लावला. त्यांनाही हसू फुटलं, मग हसता हसता खोकला आला, आणि खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा म्हणून मी पुढे गेले, आणि अर्ध्या वाटेत थांबले, कारण पाय अजून उंबऱ्यापुढे जायला तयार नव्हते.

"ये," त्या म्हणाल्या. "धूर सोडत नाही."

मी आत गेले. पाठ हाताला किती बारीक लागली. इतके दिवस एका घरात राहून मला ते ठाऊक नव्हतं. बाहेरून भव्याने ओरडून विचारलं की खेळ संपला का, आणि अत्तेंनी आतूनच सांगितलं की संपला, आता सगळ्यांनी शेंगा सोलायला या, रात्रीचं जेवण इथेच.

शरतने शेंगा सोलता सोलता सांगितलं की रेघाईचा शेवट त्याला आंटींचाच हवा. बेंगळुरूच्या लोकांनी भांडायची जय्यत तयारी करून यावं आणि राक्षसाने त्यांना जेवायला वाढावं. मी हो म्हटलं. माझ्या सगळ्या राक्षसांत हा एकच न मरणारा, आणि त्याला मी मारू शकले नाही याचं मला इतकं बरं वाटत होतं की त्या रात्री मी तीनदा भात वाढून घेतला. श्रीवत्सने निळी बॅग उचलली आणि कुणाला न विचारता परत कपाटावर ठेवली. अत्तेंनी बघितलं. "हुबळीहून संकर्षणलाच इकडे बोलावू संक्रांतीला," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी मला जाग आली ती नेहमीच्या वेळी, पाण्याच्या आवाजाची वाट बघत. आवाज आला नाही. खोकलाही नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले, सरळ आत, दिवा लावला आणि कॉफी केली. दोन पेले घेऊन अत्तेंच्या खोलीत गेले. त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या, अंगावर श्रीवत्सचा जुना स्वेटर. मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

"अत्ते, कॉफी."

"ठेव तिथं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, आणि माझा हात धरून तसाच खांद्यावर दाबून ठेवला. "थोडा वेळ झोपू दे."

माझी बस त्या दिवशीही गेली.